डूम्सडे ग्लेशियरखाली दगड आहे की चिखल? शास्त्रज्ञ बर्फ 'वाजवून' का बघतायत?

उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलं की घरातलं मोठं माणूस आधी एक काम करतं. माठावर टिचकी मारतं आणि कान लावून आवाज ऐकतं. आवाज खणखणीत आला तर माठ चांगला, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. कलिंगड घेतानाही आपण तेच करतो. कापून न बघता आत काय आहे, ते आवाजावरून ओळखतो.

अंटार्क्टिकात शास्त्रज्ञ सध्या नेमकं हेच करतायत. फक्त त्यांच्यासमोरचा माठ महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा आहे आणि त्याची भिंत काही ठिकाणी दोन किलोमीटरपेक्षा जाड आहे.

या माठाचं नाव थ्वेट्स हिमनदी. इन्स्टाग्रामवर तुम्ही तिला 'डूम्सडे ग्लेशियर' म्हणजे प्रलयाची हिमनदी या नावाने बघितलं असेल. दर काही महिन्यांनी तिची एखादी रील व्हायरल होते, 'मुंबई बुडणार' असं कॅप्शन पडतं आणि खाली दोन गट भांडायला लागतात. एक गट घाबरलेला, दुसरा 'हे सगळं थोतांड आहे' म्हणणारा.

दोन्ही गट एक प्रश्न विचारतच नाहीत. ही हिमनदी बसलीय कशावर? खाली कडक खडक आहे की ओला चिखल? ती किती वेगाने समुद्रात जाणार, याचं बरंचसं उत्तर या प्रश्नात दडलंय. आणि ते शोधण्याचं सगळ्यात भरवशाचं साधन आहे भूकंपाच्या लहरी.

आधी थ्वेट्सचा विषय समजून घेऊ

थ्वेट्स पश्चिम अंटार्क्टिकात आहे. क्षेत्रफळ साधारण 1 लाख 92 हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3 लाख 7 हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या राज्याच्या साठ टक्क्यांहून थोडं जास्तच. समुद्राच्या तोंडाशी तिची रुंदी सुमारे 120 किलोमीटर, म्हणजे मुंबई ते पुणे सरळ रेषेत जेवढं अंतर आहे, साधारण तेवढी.

आज जगभरात समुद्राची पातळी जेवढी वाढतेय, त्यातला जवळपास 4 टक्के वाटा या एकट्या हिमनदीचा आहे. ती पूर्ण कोसळली तर जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी 65 सेंटीमीटरने वाढेल. हे एका वर्षात किंवा दहा वर्षांत होणारं काम नाही. पण ते किती दशकांत किंवा शतकांत होईल, यावर सध्या सगळी चर्चा अडलीय.

'डूम्सडे' हे नाव शास्त्रज्ञांनी दिलेलं नाही. 2017 मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकात पत्रकार जेफ गुडेल यांनी ते वापरलं आणि ते चिकटलं. अनेक हिमनदीतज्ज्ञांना हे नाव आवडत नाही, कारण त्यातून 'आता काही करून उपयोग नाही' असा अर्थ निघतो.

थ्वेट्सची खरी अडचण तिच्या बुडाशी आहे. तिच्याखालची जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि किनाऱ्यापासून आत जावं तशी ती वर चढत नाही, आणखी खोल जाते. आतल्या भागात ती समुद्रसपाटीपेक्षा दोन किलोमीटरहून जास्त खोल आहे. एखाद्या उलट्या उताराच्या खोलगट परातीत बर्फ ठेवावा, तशी ही रचना आहे.

हिमनदी जिथे जमीन सोडून पाण्यावर तरंगायला लागते, त्या जागेला आधाररेषा म्हणतात. कोमट समुद्री पाणी खालून बर्फ वितळवतं आणि ही रेषा मागे सरकते. मागे जमीन खोल असल्यामुळे तिथला बर्फ आणखी जाड असतो. बर्फ जितका जाड, तितका तो समुद्राकडे जास्त वाहतो. म्हणजे एकदा माघार सुरू झाली की ती स्वतःच स्वतःला ढकलत राहू शकते.

मग तिला रोखणार कोण? एक म्हणजे पुढचा तरंगता बर्फ, जो आता कमकुवत झालाय. आणि दुसरं म्हणजे खालच्या जमिनीचं घर्षण. यातल्या दुसऱ्या ब्रेकबद्दल आपल्याला फार कमी माहिती आहे.

दगड असला काय आणि चिखल असला काय, फरक काय पडतो?

खूप पडतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर गाडी घातलीय कधी? डांबरी रस्त्यावर टायरची पकड असते. तीच गाडी ओल्या काळ्या मातीत गेली की पकड संपते, गाडी घसरते आणि ब्रेक दाबूनही फार उपयोग होत नाही.

हिमनदीचंही तसंच आहे. खाली खडबडीत कडक खडक असेल तर बर्फाला त्या उंचवट्यांना वळसा घालत पुढे जावं लागतं. बर्फाने वेग वाढवला की घर्षणही वाढतं. म्हणजे ब्रेक वेगासोबत घट्ट होत जातो.

खाली पाण्याने भिजलेला मऊ गाळ असेल तर गणित बदलतं. गाळ एका मर्यादेपर्यंत तग धरतो. ती मर्यादा ओलांडली की तो सरकायला लागतो आणि नंतर बर्फाचा वेग कितीही वाढला तरी घर्षण फारसं वाढत नाही.

समुद्रपातळीचे अंदाज बांधणाऱ्या संगणकीय मॉडेलमध्ये शास्त्रज्ञांना यातला एक नियम निवडावा लागतो. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त हा नियम बदलला, तरी पुढच्या शंभर-दोनशे वर्षांत किती बर्फ जाईल याचं उत्तर बदलतं. साधारणपणे मऊ बूड धरलं की जास्त बर्फ जातो.

मग खाली ड्रिल करून बघत का नाहीत?

बघतात. पण एका छिद्रातून एकाच जागेची माहिती मिळते. 2019 च्या जानेवारीत ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या पथकाने रटफर्ड नावाच्या हिमप्रवाहात गरम पाण्याच्या झोताने 2,152 मीटर खोल छिद्र पाडलं आणि थेट बूड गाठलं. हे मोठंच यश होतं. पण हजारो चौरस किलोमीटरसाठी अशी किती छिद्रं पाडणार?

दुसरा पर्याय रडारचा. विमानातून रडार लावून बर्फाची जाडी आणि खालचे डोंगर-दऱ्या मोजता येतात. 2025 मध्ये आलेला 'बेडमॅप 3' हा अंटार्क्टिकाखालच्या जमिनीचा नकाशा प्रामुख्याने अशाच मोजणीतून बनलाय. पण रडार बुडाचा आकार चांगला दाखवतं. त्या बुडाचा पोत, म्हणजे तो गाळ किती मऊ आहे, किती जाड आहे, त्याच्याखाली काय आहे, हे त्यातून नीट कळत नाही. रडारच्या लहरी पाणी आणि ओल्या गाळात लवकर विरतात.

आवाजाच्या लहरी मात्र पाण्यातून, गाळातून आणि खडकातूनही जातात. म्हणून माठ वाजवायचा.

प्रत्यक्षात 'वाजवतात' कसं?

बर्फाच्या वरच्या थरात भुसभुशीत हिम असतं. ते आवाज शोषून घेतं. म्हणून गरम पाण्याने काही मीटर खोल छिद्र पाडतात, त्यात लहानसं स्फोटक ठेवतात आणि वरून छिद्र बुजवतात. पुढे शेकडो मीटर रांगेत जिओफोन लावलेले असतात. जिओफोन म्हणजे जमिनीची बारीकशी थरथर टिपणारे कान समजा.

वारा पडायची वाट बघायची, सगळ्यांनी जागच्या जागी शांत उभं राहायचं आणि मग स्फोट करायचा. बर्फात ही लहर सेकंदाला सुमारे 3,800 मीटर वेगाने जाते. बर्फ दोन किलोमीटर जाड असेल तर खाली जाऊन परत यायला तिला एका सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात एका जागेचं काम झालं. मग सगळं सामान उचलायचं, पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. उणे तापमानात, आठवडेच्या आठवडे.

आता स्फोटकांऐवजी व्हायब्रोसाइस नावाचं यंत्रही वापरतात. बर्फावर ठेवलेली एक जड प्लेट ठरावीक पद्धतीने कंप देत जाते. जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यात पुढे आहे. छिद्रं पाडायचा वेळ वाचतो, त्यामुळे एका मोसमात जास्त अंतर कापता येतं.

कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो, स्फोट करून हेच लोक हिमनदी फोडत नाहीत ना? नाही. ही स्फोटकं साधारण काहीशे ग्रॅमची असतात. दोन किलोमीटर जाड बर्फासाठी ही टिचकीच आहे.

प्रतिध्वनीतून दगड आणि चिखल कसा ओळखतात?

लहर एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना तिचा काही भाग परत फिरतो. किती फिरणार, हे दोन्ही पदार्थांची घनता आणि त्यांच्यातला लहरीचा वेग यांच्या गुणाकारावर ठरतं.

खडकात वेग बर्फापेक्षा बराच जास्त असतो, घनताही जास्त. त्यामुळे बर्फाखाली खडक असेल तर प्रतिध्वनी जोरात येतो आणि सरळ येतो. पाण्यात वेग सेकंदाला साधारण 1,450 मीटर, म्हणजे बर्फापेक्षा खूपच कमी. त्यामुळे खाली पाणी असेल तर प्रतिध्वनी उलटा येतो. आलेखावर जिथे टेकडी दिसायला हवी तिथे खड्डा दिसतो. भिजलेला मऊ गाळ असेल तर प्रतिध्वनी क्षीण आणि किंचित उलटा. घट्ट दाबलेला गाळ असेल तर क्षीण पण सरळ.

याशिवाय आणखी एक प्रकारच्या लहरी असतात, एस लहरी. त्या पुढे जाताना पदार्थाला आडवं हलवतात. पाण्याला आडवं हलवलं तर ते परत जागेवर येत नाही, म्हणून या लहरी पाण्यातून जातच नाहीत. गाळात पाणी जितकं जास्त, तितक्या त्या मंदावतात. त्यामुळे 'खाली चिखल किती पातळ आहे' हे सांगण्यासाठी या लहरी उपयोगी पडतात.

हे तंत्र नवीन आहे का?

अजिबात नाही. खंड सरकतात ही कल्पना मांडणारे आल्फ्रेड वेगेनर यांच्या 1930-31 च्या ग्रीनलँड मोहिमेत बर्फाची जाडी मोजायला हेच तंत्र वापरलं होतं. वेगेनर स्वतः त्याच मोहिमेत, नोव्हेंबर 1930 मध्ये, बर्फावर मरण पावले.

पश्चिम अंटार्क्टिकाची गोष्ट मात्र 1957 च्या आसपास सुरू होते. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षानिमित्त अमेरिकन तरुणांचं एक पथक ट्रॅक्टरसारख्या वाहनांतून बर्फावर निघालं. त्यात चार्ल्स बेंटली होते. ठरावीक अंतरावर थांबायचं, स्फोट करायचा, प्रतिध्वनी मोजायचा. त्यातून धक्कादायक माहिती आली. इथला बर्फ अपेक्षेपेक्षा खूप जाड होता आणि त्याच्याखालची जमीन समुद्रसपाटीच्या खूप खाली होती.

म्हणजे आज थ्वेट्सबद्दल जी भीती व्यक्त होते, तिचा पायाच या लहरींनी घातला. या माहितीच्या आधारावर 1978 मध्ये हिमनदीतज्ज्ञ जॉन मर्सर यांनी 'नेचर'मध्ये इशारा दिला की, कार्बन डायऑक्साइड असाच वाढला तर पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ धोक्यात येईल. ही गोष्ट 48 वर्षांपूर्वीची आहे, कालच्या रीलमधली नाही.

चिखल पहिल्यांदा कधी सापडला?

1980 च्या दशकात शास्त्रज्ञांपुढे एक कोडं होतं. पश्चिम अंटार्क्टिकातला 'आइस स्ट्रीम बी' हा बर्फाचा प्रवाह जवळपास सपाट उतारावर असूनही दिवसाला मीटरभराहून जास्त सरकत होता. एवढ्या कमी उतारावर एवढा वेग कसा?

बेंटली, डोनाल्ड ब्लँकनशिप, रिचर्ड अॅली आणि सहकाऱ्यांनी तिथे लहरी सोडल्या. 1986 मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर आलं. सुमारे एक किलोमीटर बर्फाखाली फक्त काही मीटर जाडीचा एक थर होता. त्यात एस लहरींचा वेग सेकंदाला 150 मीटरच्या आसपास, म्हणजे खडकातल्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. याचा अर्थ तो थर पाण्याने गच्च भरलेला, पिठासारखा मऊ गाळ होता.

तोवर अनेक जण हिमनद्या कडक खडकावरून घसरतात असंच धरून चालत होते. दोन-तीन वर्षांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पथकाने तिथेच छिद्रं पाडली आणि खालून खरंच तो गाळ वर आला. आधी आवाजाने सांगितलं, मग हाताने खात्री झाली.

हाच प्रवाह आता व्हिलन्स हिमप्रवाह म्हणून ओळखला जातो. 2008 मध्ये डग वायन्स, श्रीधर आनंदकृष्णन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याचा मोठा भाग दिवसातून दोनदा अडकतो आणि मग अर्ध्या तासाच्या आत सुमारे अर्धा मीटर सरकतो. यातून मोकळी होणारी हालचाल 7 तीव्रतेच्या भूकंपाएवढी असते. पण ती इतकी सावकाश होते की वर उभ्या माणसाला काहीच कळत नाही. म्हणजे कधी कधी आपल्याला माठ वाजवावाही लागत नाही, तो स्वतःच वाजतो. आपण फक्त कान लावून बसायचं.

बुडातला चिखल कायम तसाच राहतो का?

नाही, आणि ही यातली सगळ्यात महत्त्वाची बाब आहे. रटफर्ड हिमप्रवाहावर अँडी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी एकाच जागी तीनदा मोजणी केली. 1991, 1997 आणि 2004 मध्ये. पहिल्या दोन मोजण्यांच्या मधल्या काळात खालचा गाळ वर्षाला साधारण मीटरभर खरवडून निघाला होता. आणि 1997 ते 2004 या सात वर्षांत तिथे गाळाचा एक नवीन उंचवटा तयार झाला होता.

दोन किलोमीटर बर्फाखाली, कुणालाही न दिसता, जमिनीचा आकार एका दशकात बदलत होता. म्हणजे एकदा नकाशा काढला आणि काम संपलं, असं होत नाही. पुन्हा पुन्हा जाऊन मोजावं लागतं.

थ्वेट्सखाली काय सापडलं?

दोन्ही. अत्सुहिरो मुटो आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये थ्वेट्सच्या मोजणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बुडातल्या उंचवट्यांच्या ज्या बाजूवर बर्फ येऊन आदळतो ती बाजू कडक निघाली, तर पलीकडच्या उतरत्या बाजूला मऊ गाळ सापडला. थोडक्यात, खाली सलग डांबरी रस्ताही नाही आणि सलग चिखलही नाही. दोन्ही आलटून पालटून आहेत. त्यामुळे संपूर्ण हिमनदीला एकच घर्षणाचा नियम लावणं चुकीचं ठरू शकतं.

2018 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने मिळून 'इंटरनॅशनल थ्वेट्स ग्लेशियर कोलॅबोरेशन' सुरू केलं. सुमारे 5 कोटी डॉलरचा खर्च आणि शंभरच्या आसपास शास्त्रज्ञ. त्यातला 'घोस्ट' नावाचा प्रकल्प याच प्रश्नासाठी होता. आनंदकृष्णन आणि स्मिथ, म्हणजे वर ज्यांची नावं आली ते दोघं, त्याचं नेतृत्व करत होते. आधाररेषेपासून आतल्या भागापर्यंत हिमनदीच्या प्रवाहाच्या दिशेने लहरी सोडत जायचं आणि आतले उंचवटे माघार थोपवण्याइतके भक्कम आहेत का ते बघायचं, असं काम.

सप्टेंबर 2024 मध्ये या सहकार्यातल्या शास्त्रज्ञांनी एकत्रित निष्कर्ष मांडले. थ्वेट्सची माघार या आणि पुढच्या शतकात आणखी वेगवान होण्याची चिन्हं आहेत, असं त्यांनी सांगितलं. पण त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, बर्फाचे उंच कडे धडाधड कोसळत जाण्याची सर्वात भीतीदायक शक्यता थ्वेट्सच्या बाबतीत या शतकात तरी कमी दिसते, असंही समोर आलं. म्हणजे 'उद्या बुडणार' हेही चूक आणि 'काही होणार नाही' हेही चूक.

पण आपल्याला याचं काय?

समुद्र एकच आहे, पण तो सगळीकडे सारखा वाढत नाही. अंटार्क्टिकाचा प्रचंड बर्फ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचं पाणी ओढून धरतो. तो बर्फ कमी झाला की ही ओढ कमी होते आणि ते पाणी दूरवर, उत्तर गोलार्धाकडे सरकतं. त्यामुळे पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ वितळल्यावर तिथल्या किनाऱ्यापेक्षा आपल्यासारख्या लांबच्या किनाऱ्यांना जास्त फटका बसतो.

आता अंदाज बघा. आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालानुसार 2100 पर्यंत समुद्रपातळी 28 सेंटीमीटर ते 1 मीटर इतकी वाढू शकते. उत्सर्जन फार वाढलं तर हिमचादरींबद्दलच्या अनिश्चिततेमुळे 2 मीटरच्या जवळ जाण्याची शक्यताही नाकारता येत नाही, असंही त्यात म्हटलंय. 28 सेंटीमीटर आणि 2 मीटर यात किती फरक आहे, हे मुंबईत भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आल्यावर पाणी कुठे तुंबतं हे माहीत असलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. समुद्राला भिंत किती उंच बांधायची, बंदर किती वर घ्यायचं, गटाराचं तोंड कुठे ठेवायचं, हे सगळं या आकड्यावर ठरतं. आकडा कमी धरला तर पाणी आत येणार, जास्त धरला तर पैसा वाया जाणार.

त्यातला काही फरक आपण किती कार्बन सोडतो यावर आहे. उरलेल्या अनिश्चिततेचा मोठा भाग अंटार्क्टिकाच्या बर्फातून येतो, आणि तो बर्फ कशावर बसलाय हे नीट माहीत नसणं हे त्याचं एक मुख्य कारण आहे.

भारताचा अंटार्क्टिकाशी संबंध जुना आहे. पहिली भारतीय मोहीम 1981 मध्ये गोव्याहून निघाली होती आणि आजही ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्कोला आहे. मैत्री आणि भारती ही आपली दोन केंद्रं तिथे चालू आहेत. ती पूर्व अंटार्क्टिकात आहेत, थ्वेट्सपासून खूप लांब. त्यामुळे थ्वेट्सच्या बाबतीत आपण इतरांच्या मोजणीवरच अवलंबून आहोत.

अडचण कुठे आहे?

एक, विस्तार. भूकंपलहरींची मोजणी एका रेषेवर होते. 1 लाख 92 हजार चौरस किलोमीटरच्या हिमनदीवर अशा मोजक्याच रेषा आहेत. मधल्या जागांबद्दल उपग्रहाने मोजलेल्या बर्फाच्या वेगावरून अंदाज बांधावा लागतो.

दोन, पैसा. थ्वेट्स कुठल्याही संशोधन केंद्रापासून खूप लांब आहे. तिथे माणसं, इंधन आणि यंत्रं पोहोचवायलाच मोसमातला बराच वेळ जातो. 2025 मध्ये अमेरिकी सरकारने नॅशनल सायन्स फाउंडेशनचा निधी निम्म्याहून जास्त कापण्याचा प्रस्ताव मांडला. 'नॅथॅनिअल बी. पामर' या थ्वेट्सपर्यंत जाणाऱ्या संशोधन जहाजाचा भाडेकरार संपवण्याचा विचारही त्यात होता. रटफर्डचं उदाहरण आठवा. तिथे चित्र कळलं, कारण तेरा वर्षांत तीनदा कुणीतरी त्याच जागी परत गेलं. एकदा खंड पडला तर हुकलेलं वर्ष नंतर मोजता येत नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी डूम्सडे ग्लेशियरची रील समोर आली आणि त्यात बुडण्याची नक्की तारीख दिली असेल, तर एवढंच विचारा, ही तारीख काढताना खाली दगड धरलाय की चिखल? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याने माठ न वाजवताच किंमत सांगितलीय असं समजा.